डिझेल आडवं जातं तेव्हा

लहानपणी आमच्या मळ्यात विहिरीच्या काठी एक डिझेल इंजिन होतं. ते सुरू करायला दोन माणसं लागत. एक हँडल मारायला आणि दुसरा, पहिल्याला हँडलचा उलटा फटका बसला तर त्याला उचलायला. पण एकदा डुगडुगायला लागलं की संध्याकाळपर्यंत पाठीमागे वळून बघायला नको. तेव्हापासून डिझेल म्हणजे लग्नात पाटापासून पातेल्यापर्यंत सगळं वाहणारा आणि फोटोच्या वेळी मागच्या रांगेत उभा राहणारा नातेवाईक, असं माझं मत पक्कं होतं.

परवा पुतण्याने मोबाइलवर एक जुनी मर्सिडीझ आडवी धावताना दाखवली आणि म्हणाला, "काका, हिचं इंजिन डिझेल आहे बरं का!" मी आधी चष्मा पुसला. मग कळलं, काळं होतं ते चष्म्यावर नव्हतं, पडद्यावर होतं.

या प्रकाराला ड्रिफ्टिंग म्हणतात. मागची चाकं मुद्दाम घसरवायची, पुढची वळणाच्या उलट्या दिशेला धरायची आणि गाडी तशीच तिरकी वळणावरून न्यायची. आमच्या घाटात पावसाळ्यात हे अनवधानाने घडतं आणि प्रवासी नवस बोलतात. जपानी माणसाने त्याची विद्या केली. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलवाला. १९६१ साली होकेनहाइमला २५० सीसीची शर्यत मारून जागतिक ग्रां प्री जिंकणारा तो पहिला जपानी ठरला. पुढे तो मोटारीत बसला आणि १९७०च्या दशकात वळणं अशी घसरत घेऊ लागला. ते बघून केइची त्सुचिया नावाचा पोरगा डोंगरातल्या रस्त्यांवर तालीम करू लागला. १९८७ साली त्याची व्हिडिओफीत निघाली आणि साथ पसरली. त्याची टोयोटा १.६ लिटरची, पेट्रोलवर किंचाळणारी. या खेळात डिझेलला बोलावलंच कुणी?

बोलावणाऱ्याचा हिशेब मात्र चुकीचा नाही. चाक जागच्या जागी घसरवायचं तर हवी ओढ, म्हणजे टॉर्क. आणि ओढ हाच तर डिझेलचा पिढीजात धंदा. फिनलंडकडची मंडळी मर्सिडीझचं ओएम ६०६ हे इंजिन पसंत करतात. तीन लिटर, सहा सिलिंडर, ठोकळा लोखंडी. त्याला जुन्या पद्धतीचा यांत्रिक इंधन पंप आणि भला मोठा टर्बो बसवला की मूळच्या पावणेदोनशे अश्वशक्तीचं काय होतं ते शेजाऱ्यांना विचारावं. दुखणी आहेतच. इंजिन जड, त्यामुळे गाडीचं नाक जड. फेरे वाढत नाहीत. पेट्रोलवाला सात-आठ हजारांवर नाचत असतो तेव्हा यांचा सूर लवकर संपतो, म्हणून गिअरची गुणोत्तरं बदलून घ्यावी लागतात. शिवाय टर्बो जाग येईपर्यंत जांभया देतो. आणि त्याची सील गेली तर इंजिन स्वतःचंच वंगण पिऊन धावत सुटतं. मग किल्ली काढून हातात धरली तरी थांबत नाही. हवा कोंडावी लागते. आमच्या मळ्यातल्या इंजिनाने हे एकदा केलं होतं. वडिलांनी ओलं पोतं कोंबलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पण डिझेलचा हा हट्ट नवा नाही. क्लेसी कमिन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३१ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत डिझेल गाडी उतरवली. डेव्ह इव्हान्सने ती एकदाही न थांबवता पाचशे मैल नेली. बाकीचे तेलपाण्याला थांबत होते, हा आपला चाललाय! नंबर आला तेरावा. खास आमच्या नातेवाइकाचा नंबर.

१९५२ साली कमिन्सवाले पुन्हा आले. (हेच कमिन्स, १९६२ साली किर्लोस्करांबरोबर यांची कंपनी पुण्यात निघाली.) या वेळी गाडी बुटकी व्हावी म्हणून ६.६ लिटरचं इंजिन चक्क कुशीवर निजवलेलं, आणि त्या शर्यतीत प्रथमच दिसणारा टर्बो. फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांची सरासरी मारली आणि सगळ्यांच्या पुढची जागा पटकावली. डिझेल पहिल्या रांगेत! ही हकिगत वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो.

दोनशेपैकी एकाहत्तर फेऱ्या झाल्या आणि गाडी काळा धूर सोडत बाहेर आली. बिघाड इंजिनात नव्हताच. हवा घ्यायचं तोंड पुढे, खाली होतं. त्यातून रस्त्यावरचा टायरांचा झिजलेला रबर आत गेला आणि टर्बोचा गळा दाटला. कमिन्सने पुन्हा त्या शर्यतीत गाडी घातली नाही. पुढे २००६ साली औडीच्या डिझेल गाडीने ल मां जिंकली, अगदी गुपचूप, पण तोवर अगाबाशियनला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं आणि विचारलं, "अरे, रबराने गळा दाटलेल्याला तुम्ही रबर जाळायच्याच खेळात आणलंत?"

"फिल्टर असतो हो काका," तो म्हणाला.

पडद्यावर तोवर पांढऱ्या आणि काळ्या धुराची गाठ पडली होती आणि गाडी कुठेच दिसत नव्हती. आम्ही दोघं वाट बघत बसलो. धूर विरला तेव्हा मर्सिडीझ उलट्या दिशेला तोंड करून उभी होती, आणि तिचं इंजिन विहिरीवरच्यासारखं शांतपणे डुगडुगत होतं.