नकलांची पुण्याई

सेमिनरीत शिकत असताना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयी आम्ही पुष्कळ ऐकले होते. ग्रंथ मात्र डोळ्यांनी पाहिला नव्हता. परीक्षेपुरते सनावळीचे पाठांतर होते. १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्म, १५७९ साली गोव्यास आगमन, १६१६ साली राशोल येथे पुराणाचे मुद्रण, १६१९ साली देहावसान. नागपुरातील दोन-तीन वाचनालयांत चौकशी केली, तेव्हा ‘मुंबईस पाहा’ असे उत्तर मिळाले. मुंबईस जाणे झाले, पण ग्रंथ पाहण्याचा योग काही आला नाही.

तो योग यायला पन्नाशी उलटावी लागली. गेल्या उन्हाळ्यात धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन मुलाने आमच्या टेबलावरील संगणकावर जोसेफ सल्दाना यांनी मंगळूर येथे १९०७ साली प्रसिद्ध केलेली प्रत उघडून दिली. “फादर, हेच ना?” त्याने सहज विचारले. दहा हजार नऊशे बासष्ट ओव्या, आणि त्याही रोमन लिपीत. मराठी ओवी रोमन अक्षरांत वाचताना प्रथम जीभ अडखळते. मोठ्याने वाचू लागले की मात्र चाल सापडते आणि मग लिपी डोळ्यांपुढून नाहीशी होते.

त्या रोमन लिपीलाही इतिहास आहे. स्टीफन्स यांची इच्छा देशी लिपीत छापण्याची होती. परंतु गोव्यातील छापखान्यात त्यासाठी लागणारे खिळे नव्हते. पुढे १६४९ व १६५४ साली पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही छापील प्रत उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. ओव्या गाणाऱ्यांना दिवस कठीण आले. तरीही ग्रंथ जगला, तो हस्तलिखितांमुळे. कानडा जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होत राहिल्या, आणि अशा नकलांवरूनच सल्दाना यांनी आपली संहिता सिद्ध केली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखितही असल्याचे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांच्या निदर्शनास आणले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुराण देवनागरीत आणले. फादर कारिदाद द्राग यांची १९९६ सालची आवृत्ती मार्सडेन प्रतीवर आधारलेली आहे.

येथे आम्हांस एक साम्य जाणवते. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प प्रा. राज रेड्डी यांच्या प्रेरणेने या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि त्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. देशभरच्या ग्रंथालयांतील लाखो पुस्तकांची पाने तेथे यंत्राने टिपली गेली. काम घाईचे होते. कुठे पान तिरके, कुठे निम्मे कापलेले, तर कुठे टिपणाऱ्याचा अंगठाच ओळींवर आलेला! मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत अशा काही थाटात नोंदलेली, की नेहमीच्या स्पेलिंगने शोधणाऱ्यास पुस्तक असूनही मिळू नये. पुढे प्रताधिकाराचे प्रश्न उभे राहिले आणि ते संकेतस्थळ बंद पडले. तोवर कार्ल मालामूद या अमेरिकन गृहस्थांनी त्यांतील चार लाखांहून अधिक ग्रंथांच्या नकला ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर नेऊन ठेवल्या होत्या. मूळ घर मोडले, नकल उरली. ख्रिस्तपुराणाचेही तसेच घडले होते.

आमच्या शहराशी निगडित असलेले एक उदाहरण येथे सांगितले पाहिजे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून स्वदेशी परतले आणि मराठीत ज्ञानकोश करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी मर्यादित भांडवलाची मंडळी उभी राहिली ती याच नागपुरात. प्रत्यक्ष काम पुढे पुण्यास हलले. भागधारक जमविणे, वर्गणीदार गाठणे, लेखकांच्या मागे लागणे हा सारा व्याप सांभाळत १९२९ पर्यंत तेवीस खंड पुरे झाले. वेदविद्येपासून विज्ञानाच्या इतिहासापर्यंत नाना विषय त्यांत आले. १९३७ साली केतकर निवर्तले. आपल्याकडील कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. केतकरांचा ज्ञानकोश आता संगणकावर वाचता येतो. पण ज्या गावात त्याचे बीज पडले, तेथल्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल?

स्टीफन हिस्लॉप यांचेही तसेच. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले आणि १८६३ साली बुडून मरण पावले. गोंडांच्या भाषेविषयी आणि लिंगोच्या गीताविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली ग्रंथरूपाने छापली. तीही आज बसल्या जागी पाहता येतात.

नव्या पुस्तकांची गोष्ट निराळी. लेखक हयात असताना त्याचे पुस्तक कोणीतरी चोरून चढवावे आणि आपण ते फुकट उतरवून घ्यावे, यास आम्ही चोरीच म्हणतो. सोयीचे नाव दिल्याने ती धुतली जात नाही. २००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांनी पुराण आधुनिक मराठी गद्यासह सिद्ध केले. असा ग्रंथ विकतच घ्यावा.

परंतु कोठेच छापले न गेलेले जे आहे, त्याचे काय? आमच्या धर्मग्रामात एका वृद्ध भगिनीपाशी हातांनी लिहिलेल्या दोन वह्या होत्या. त्यांत उपवासकाळातील जुनी गीते होती. तिच्या सासूच्या तोंडून ऐकून टिपलेली. ‘पुढे कधीतरी उतरवून घेऊ’ असे आम्ही तीन वर्षे म्हणत राहिलो. ती देवाघरी गेली आणि घर आवरताना तिची पेटी रद्दीत निघाली. दोष घरच्यांना कसा द्यावा? त्या वह्यांत काय आहे हे त्यांना आम्ही कधी सांगितलेच नव्हते. एक वही तेवढी शेजारणीकडे वाचायला गेलेली असल्यामुळे बचावली. तिची पहिली आठ-दहा पाने वाळवीने खाल्ली आहेत. तोच महाविद्यालयीन मुलगा येत्या शनिवारी कॅमेरा घेऊन येणार आहे. आणि ज्यांना यांतील गीते तोंडपाठ असतील, अशा दोघी-तिघी आजींनाही आम्ही बोलावून ठेवले आहे.