छायाचित्रकर्तीचा संसार

आपल्या वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास बहुधा संपादकांच्या अग्रलेखांवरून, त्यांच्यावर भरलेल्या खटल्यांवरून आणि सरकारजमा झालेल्या जामिनांवरून लिहिला जातो. परंतु ज्या विद्येमुळे अक्षरशत्रूलाही वर्तमानपत्र हाती धरावेसे वाटू लागले, त्या वृत्तछायाचित्रणाच्या विद्येकडे, आणि तीन दशके तिची उपासना करणाऱ्या एका पारशी गृहिणीकडे, इतिहासकारांची दृष्टी क्वचितच वळली आहे. होमाई व्यारावाला हे त्या गृहिणीचे नाव. हिंदुस्थानातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा उल्लेख होतो, तो यथार्थच आहे. पण त्यांचा व्यवसाय त्यांच्या संसाराच्या कुशीतच जन्मला, वाढला आणि संसारातील जोडीदार गेल्यावर त्यांनी तो शांतपणे खाली ठेवला, ही गोष्ट मला त्या पहिलेपणाहून अधिक विचारार्ह वाटते.

त्यांचा जन्म 9 डिसेंबर 1913 रोजी नवसारी येथे झाला. वडील पारशी-उर्दू नाटक मंडळीत नट असल्यामुळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे हे त्या कुटुंबाच्या नशिबीच होते. पुढे मुंबईस स्थिरावल्यावर होमाईबाईंचे शिक्षण झाले आणि जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचा अभ्यास केला. मात्र कॅमेरा हाती दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीत हिशेबनिसाचे काम करीत आणि छायाचित्रणाचा त्यांना मनस्वी नाद होता; रोजकीर्द आणि खतावणी यांत दिवस घालविणाऱ्या या गृहस्थाने आपली कला भावी पत्नीला शिकविली. स्त्रियांच्या एका सहलीची तिने टिपलेली चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली व दर चित्रामागे एक रुपया दिला, तेव्हा या व्यवसायाचा श्रीगणेशा झाला.

महायुद्धाच्या काळात ‘इलस्ट्रेटेड वीकली’त होमाईबाईंची अनेक चित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाली, कारण एका अपरिचित तरुण स्त्रीच्या नावावर लोकांचा विश्वास बसणार नाही, अशी तेव्हाची समजूत होती. हा अन्याय होता, आणि त्याला दुसरे सौम्य नाव देण्याचे कारण नाही. परंतु तो अन्याय त्या काळाच्या चालीरीतींनी केला. घरात मात्र बाईने चित्र टिपावे आणि पतीने अंधारखोलीत बसून रसायनांच्या तबकांतून ते उमटवावे, अशी जी श्रमविभागणी झाली होती, ती उभयतांच्या परस्परविश्वासावर आधारलेली होती. छायाचित्राचे अर्धे काम अंधारात चालते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विश्वासाचे मोल कळेल: टिपणाऱ्याने कितीही अचूक क्षण साधला, तरी धुणाऱ्याच्या हाताने तो एका चुकीसरशी कायमचा नष्ट होऊ शकतो.

1941 साली विवाह आणि 1942 साली ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याची नोकरी, असा प्रवास करून हे दांपत्य दिल्लीस गेले. तेथे साडी नेसलेल्या, सायकलीवर कॅमेऱ्याचे ओझे लादून समारंभाला जाणाऱ्या होमाईबाई राजधानीच्या परिचयाच्या झाल्या. आजच्या वाचकाला त्या ओझ्याची कल्पना येणे कठीण. रोलिफ्लेक्स कॅमेरा कमरेपाशी धरून, मान खाली घालून, काचेवर उलट दिसणाऱ्या प्रतिमेत डावे-उजवे मनाशीच ताडावे लागे. एका गुंडाळीवर केवळ बारा चित्रे निघत. झगझगीत उजेडाचा दिवा एकदा पेटला की तो निकामी होऊन दुसरा बसवावा लागे. त्यामुळे पुढारी केव्हा हसेल, केव्हा मान वळवील, याचा अंदाज आधी बांधून मगच बोट दाबावे लागे. होमाईबाईंच्या चित्रांत जी शांतता व जो नेमकेपणा आढळतो, त्याचा उगम या काटकसरीत आहे, असे माझे मत आहे.

1947 च्या जून महिन्यात फाळणीच्या योजनेवर मत देण्यासाठी काँग्रेसच्या सभेत वर झालेले हात त्यांनी टिपले. 16 ऑगस्टला लाल किल्ल्यावर फडकलेला ध्वज टिपला. पुढे माउंटबॅटन यांचे प्रस्थान, 1956 साली हिमालयातील सरहद्द ओलांडून येणारे दलाई लामा आणि 1964 साली नेहरूंची अंत्ययात्राही. 30 जानेवारी 1948 रोजी त्या बिर्ला भवनाकडे निघाल्या असता, उद्या दोघे मिळून जाऊ, असे म्हणून पतीने त्यांना परत बोलावले, आणि त्याच संध्याकाळी तेथे गांधीजींची हत्या झाली. ही चुटपुट त्यांनी उतारवयापर्यंत बोलून दाखविली. गांधीजींच्या अंत्यसंस्काराची चित्रे मात्र त्यांनी घेतली.

1969 साली माणेकशा निवर्तले आणि पुढच्या वर्षी होमाईबाईंनी कॅमेरा ठेवून दिला. समारंभात छायाचित्रकाराने नीटनेटका पोशाख करावा, अंतर राखून उभे राहावे, समोरच्या माणसाला अवघडल्या स्थितीत पकडू नये, हा आपल्या पिढीचा रिवाज मोडत चालला आहे आणि नवे लोक झटपट पैशापाठी धावत आहेत, असे कारण त्यांनी स्वतः दिले आहे; ते खरे मानावे. परंतु ज्या अंधारखोलीतील जोडीदार गेला होता, तेथे एकटीने पुन्हा शिरणे किती अवघड, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्या पिलानी येथे अध्यापन करणाऱ्या एकुलत्या पुत्राकडे राहावयास गेल्या, पुढे बडोद्यास आल्या, आणि 1989 साली तो पुत्रही कर्करोगाने गेल्यावर बडोद्यातच एकट्या राहिल्या. आपली मोटार आपण चालवावी, बागेची निगा राखावी, सुतारकामही आपल्या हाताने करावे, असा त्यांचा दिनक्रम नव्वदी उलटल्यावरही चालू होता. शेजाऱ्यांना त्यांच्या पूर्वायुष्याची फारशी वार्ता नव्हती.

2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 15 जानेवारी 2012 रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, बडोद्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांचा चित्रसंग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाच्या स्वाधीन आहे. ज्या मुंबईने त्यांना कला शिकविली आणि पहिला रुपया दिला, त्या मुंबईच्या वृत्तपत्रांचा इतिहास यापुढे जो कोणी मराठीत लिहील, त्याने एक प्रकरण होमाईबाईंसाठी राखून ठेवावे, आणि त्यात माणेकशांनाही त्यांची जागा द्यावी.