गाडगेबाबांचे कीर्तन
लोकशिक्षण व ग्रामसुधारणेसाठी संत गाडगेबाबा (१८७६–१९५६, जन्म शेंडगाव, जि. अमरावती) यांनी वापरलेला कीर्तनप्रकार. पूर्वरंग (निरूपण) व उत्तररंग (आख्यान) अशी कीर्तनाची रूढ चौकट त्यात नव्हती. कीर्तनाची सुरुवात खरे तर दिवसाच होई. अंगात चिंध्यांचा सदरा, जवळ गाडगे व हाती खराटा अशा वेशात बाबा गावात शिरत आणि रस्ते झाडू लागत. लाजेकाजेने गावकरीही हात लावत. रात्री त्याच गावकऱ्यांसमोर, वऱ्हाडी बोलीत, प्रश्नोत्तरे रंगत. बाबा विचारत, लोक एका सुरात उत्तर देत. मध्येच नामाचा गजर होई. कर्ज काढून केलेले सण, नवसाचा बोकड, दारू, शिवाशिव हे नेहमीचे विषय. भांडी विकावी लागली तरी मुलांना शाळेत घाला, हा आग्रह कायमचा. निरक्षर श्रोत्याला उत्तर स्वतःच्या तोंडून द्यायला लावणे, हे या कलेचे खरे सामर्थ्य होय. कीर्तनाला जमणाऱ्या लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. महाराष्ट्र शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानाला पुढे गाडगेबाबांचेच नाव देण्यात आले.