जर्मनीतील भारतीय विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षण

भारतातून जर्मनीतील विद्यापीठांत शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून झपाट्याने वाढली. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९,००० भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्याआधीच्या वर्षीच चीनला मागे टाकून भारतीय विद्यार्थ्यांचा गट तेथील परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा ठरला होता. यांतील बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी जातात व अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र या शाखांकडे त्यांचा ओढा अधिक असतो. बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसणे हे या ओढ्याचे प्रमुख कारण होय. मात्र 'जर्मनीत शिक्षण फुकट असते' हे प्रचलित विधान अर्धेच खरे आहे.

इतिहास

जर्मन विद्यापीठांशी भारताचा संबंध प्रथम संस्कृत व प्राच्यविद्येच्या अभ्यासातून आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते, मात्र तेथील शिक्षण त्यांनी पूर्ण केले नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा या प्रवासाला विरोध होता. पती दिनकर कर्वे यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली होती आणि त्यांचा पाठिंबा होता. प्रवासासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेण्यात आले. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असमानतेवर संशोधन केले. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. कर्वे यांचा निष्कर्ष मात्र कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही असा निघाला. दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये मद्रास येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली व तांत्रिक शिक्षणातील देवाणघेवाण वाढली.

शुल्क आणि खर्च

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे; त्यामुळे शुल्काचे नियम देशभर सारखे नाहीत. २००६ नंतर काही राज्यांनी शिक्षणशुल्क सुरू केले होते. तीव्र विरोधामुळे ते एकेका राज्याने मागे घेतले. सर्वांत शेवटी २०१४ मध्ये नीडरझाक्सन राज्याने ते रद्द केले. बाडेन-व्युर्टेमबर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रासाठी १,५०० युरो शुल्क पुन्हा लागू केले. म्युनिक तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशाच विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र २,००० ते ६,००० युरो आकारण्यास प्रारंभ केला. अन्यत्र केवळ सत्रवर्गणी भरावी लागते व तीत अनेक ठिकाणी स्थानिक प्रवासाच्या पासचा समावेश असतो.

खरा खर्च राहण्याचा आहे. वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद असल्याचा पुरावा दिल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. बहुसंख्य विद्यार्थी त्यासाठी 'श्पेरकोंटो' म्हणजे गोठविलेले खाते उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून या खात्यात ११,९०४ युरो भरावे लागतात. रुपयांत ही रक्कम दहा लाखांहून अधिक होते. ती शुल्क नसून विद्यार्थ्याचीच असते आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे परत मिळते. परंतु प्रवासापूर्वी एकरकमी उभी करावी लागत असल्याने मध्यमवर्गीय कुटुंबांना शैक्षणिक कर्ज घ्यावे लागते. म्युनिकसारख्या महागड्या शहरात ९९२ युरोंमध्ये महिना निभावणे कठीण असते. त्यामुळे शिक्षणशुल्क नसतानाही विद्यापीठाची निवड अनेकदा शहरातील घरभाड्यावरून ठरते.

पात्रता

भारतीय बारावीच्या प्रमाणपत्रावर जर्मन विद्यापीठात पदवीसाठी सहसा थेट प्रवेश मिळत नाही. विद्यार्थ्याला भारतातील विद्यापीठाचे किमान पहिले वर्ष उत्तीर्ण व्हावे लागते किंवा जर्मनीत 'श्टुडिएनकोलेग' हा एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून त्याची अंतिम परीक्षा द्यावी लागते. जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण विद्यार्थ्यांना तांत्रिक शाखांत सवलत आहे.

पदव्युत्तर प्रवेशात मूळ पदवीच्या विषयांना महत्त्व असते. कोणत्या विषयाचे किती श्रेयांक पूर्ण केले याची छाननी होते व अपेक्षित विषय कमी पडल्यास उत्तम गुण असूनही अर्ज नाकारला जातो. तीन वर्षांच्या बी.एस्सी., बी.कॉम. किंवा बी.ए. पदवीबाबत विद्यापीठागणिक निर्णय वेगळा असतो. भारतीय संस्थेला जर्मनीत मान्यता आहे की नाही हे 'अनाबिन' या शासकीय माहितीकोशात पाहता येते.

भारतीय गुण जर्मन श्रेणीत बदलण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम व ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची श्रेणी असते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करतात, त्या वजाबाकीला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागतात, भागाकाराला तीनने गुणून त्यात एक मिळवितात. दहापैकी ८ सीजीपीए असलेल्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठात उत्तीर्णतेची मर्यादा ४ असल्यास श्रेणी २.० येते, मर्यादा ५ असल्यास तीच २.२ होते. एकाच गुणपत्रिकेचा अर्थ असा बदलत असल्यामुळे किमान उत्तीर्ण गुणांचा विद्यापीठाकडून मिळालेला अधिकृत उल्लेख महत्त्वाचा ठरतो; अर्जदारांचे याकडे बरेचदा दुर्लक्ष होते.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना व्हिसासाठी दिल्लीतील शैक्षणिक मूल्यमापन केंद्राचे 'एपीएस' प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे आवश्यक आहे. बनावट कागदपत्रांना आळा घालणे हा त्यामागील हेतू आहे.

भाषा

पदवी अभ्यासक्रम मुख्यतः जर्मन भाषेत चालतात व त्यांसाठी सहसा टेस्टडाफ किंवा डीएसएच यांसारखी परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी माध्यमाचे अनेक अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. तथापि घर शोधणे, सरकारी कार्यालयांतील कामे आणि विशेषतः नोकरी यांसाठी जर्मन लागतेच. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथील मॅक्स म्युलर भवन आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग ही जर्मन शिकण्याची जुनी केंद्रे आहेत.

संस्थांचे प्रकार

संशोधनप्रधान विद्यापीठे आणि 'होखशूल' म्हणून ओळखली जाणारी उपयोजित विज्ञानांची महाविद्यालये असे दोन मुख्य प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारच्या संस्थांत उद्योगांतील प्रशिक्षणावर भर असतो. त्यांची पदवी जर्मन उद्योगांत प्रतिष्ठित मानली जाते, पण जागतिक क्रमवारीत त्यांची नावे क्वचितच आढळतात. भारतात मात्र क्रमवारीलाच गुणवत्तेचे माप समजले जाते. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठीही विद्यापीठाच्या क्रमवारीतील स्थानाची अट आहे. त्यामुळे अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना शासकीय साहाय्याने अशा संस्थांत जाणे अवघड ठरते.

खासगी संस्थांचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्या भरपूर शुल्क आकारतात आणि प्रवेश सुलभ देतात. भारतातील सल्लागारांना अशा संस्थांकडून प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळू शकते, शासकीय विद्यापीठांत अशी पद्धत नाही. साहजिकच सल्ल्याचा कल खासगी संस्थांकडे झुकण्याचा संभव असतो. २०२५ मध्ये बर्लिनमधील एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांना, अभ्यासक्रम अंशतः ऑनलाइन असल्याच्या कारणावरून, देश सोडण्यास सांगण्यात आल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. शुल्कासाठी काढलेले कर्ज मात्र त्यांच्यावर कायम राहिले.

व्हिसा, काम आणि पुढील वास्तव्य

व्हिसा नाकारल्यास पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ही सोय बंद झाली असून आता नवा अर्ज किंवा न्यायालयीन दावा हेच मार्ग उरले आहेत. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर पात्रतेस साजेशी नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो.