डोंगराची रेघ आणि माणसांच्या रेघा

पिशोरच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे पुढे काय होते, हे भूगोलाच्या तासाला एकदा तरी सांगावे असे आहे. दक्षिण उतारावर पडलेले पाणी ओढ्यांतून अंजना नदीत येते. अंजना पूर्णेला मिळते, पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. त्याच माथ्यावर हात-दोन हात उत्तरेला पडलेले पाणी मात्र खानदेशात उतरते, गिरणेतून तापीत जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. (पूर्णा नावाच्या नद्या एकाहून अधिक आहेत. विदर्भातून वाहणारी पूर्णा ही तापीची उपनदी. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात, तेव्हा नकाशात दोन्ही दाखवाव्यात.)

पाणी असे दोन दिशांना वाटणाऱ्या माथ्याला जलविभाजक म्हणतात. एखाद्या नदीला किंवा ओढ्याला जेवढ्या जमिनीवरचे पाणी येऊन मिळते, तेवढी जमीन म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र. व्याख्या पाच मिनिटांत शिकवून होते. परंतु या व्याख्येप्रमाणे काम करायला आपल्या राज्याला किती वर्षे लागली, याचा इतिहास आपण सहसा शिकवत नाही.

अजिंठ्याच्या या रांगेच्या आजूबाजूनेच पूर्वी एक राजकीय सीमा जात असे. १९४८ पर्यंत दक्षिणेकडचा कन्नड तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर उत्तरेकडचा चाळीसगाव तालुका मुंबई प्रांतात. माणसांनी आखलेली रेघ पाण्याच्या रेघेच्या इतकी जवळ असणे तसे दुर्मीळच. त्यामुळे एकाच डोंगराच्या दोन उतारांचा कारभार वेगवेगळ्या राज्यांत चालला. १९३०च्या दशकात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी देशात जी केंद्रे निघाली, त्यांत मुंबई प्रांतातील सोलापूर व विजापूर होते, तसे निजामाच्या राज्यातील रायचूरही होते. म्हणजे माती आणि ओल कशी अडवावी याचे ज्ञान दोन्हीकडे तयार होत होते. पण मुंबई प्रांताने १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीला कायद्याचे बळ दिले. तो कायदा डोंगराच्या दक्षिणेला अर्थातच लागू नव्हता. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये.

या बांधबंदिस्तीतही एक उणीव होती. बांध पडत तो शेताच्या हिशेबाने. शेताच्या वरच्या उघड्या डोंगराचे काय, हा प्रश्न त्यात फारसा येत नसे.

मग १९७२चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी ही कामे होती. त्यांची आज थट्टा करणे सोपे आहे. पण त्या मजुरीने लाखो घरांतील चूल पेटती राहिली, हे आधी सांगितले पाहिजे. तांत्रिक अडचण वेगळी होती. काम कोठे काढायचे हे बहुधा मजूर कोठे आहेत यावरून ठरे, पाणी कोठून येते यावरून नव्हे. वरचा उतार उघडाच असेल तर पावसाबरोबर माती वाहत येते आणि पाझर तलावाच्या तळाशी बसते. तळ गाळाने लिंपला गेला की तलावात पाणी दिसते, पण जमिनीत मुरत नाही.

बेसाल्टच्या प्रदेशात ही चूक महागात पडते. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. ती जागा थोडी असते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी १०,००० लिटर भरते. वर्षाचा पाऊस ७०० मि.मी. धरला तर ७० लाख लिटर. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. एवढे पाणी एका बांधाशी अडवणे आणि उतारावर ठिकठिकाणी थांबवत खाली आणणे, यांतला फरक त्यांना आपोआप कळतो.

१९७२ मध्येच राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. पुढे तिने राज्याची विभागणी १,५३१ पाणलोट क्षेत्रांत केली. मला हे काम एखाद्या मोठ्या धरणाइतके महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे तालुक्यांच्या नकाशावर पाण्याचा नकाशा ठेवता आला. १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ‘माथा ते पायथा’ हे शब्द सरकारी भाषेत रुळले.

तसे काम झाल्याचे चांगले उदाहरण शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. कडवंची येथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली १९९६ पासून सुमारे १,९०० हेक्टरांवर माथ्यापासून खाली उपचार झाले. २०१२च्या दुष्काळात या गावाच्या द्राक्षबागांची चर्चा राज्यभर झाली. बागांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. वरच्या उतारावरचे चर मात्र फार थोड्यांनी पाहिले.

त्यानंतरही रेघ पुन्हा सरकली. २०१४ मध्ये आलेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या नावातच शिवार, म्हणजे गावाची हद्द आहे. नाले खोल करण्यावर त्यात जो भर राहिला तो अशास्त्रीय असल्याचा आक्षेप घेऊन अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. महालेखापालांच्या २०२० मधील अहवालानेही या खर्चाच्या फलिताविषयी गंभीर शंका नोंदवली. काही गावांना लाभ झाला हे खरे. पण पाणी गावाची हद्द पाहून थांबत नाही.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी शिरले. शहरात आलेल्या पुराचे पाणलोट क्षेत्र वर डोंगरात होते.

पिशोर परिसरातील शाळांना यातून एक प्रकल्प घेता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००चा नकाशा मिळवावा. गावाजवळचा एक ओढा निवडून समोच्च रेषांच्या आधारे त्याचे पाणलोट क्षेत्र पेन्सिलीने आखावे. ओढ्याजवळच्या समोच्च रेषांचे टोक चढाच्या दिशेला वळलेले असते, ही खूण मुलांना आधी दाखवावी. मग त्याच कागदावर गावाची शीव, वनजमीन, पाझर तलाव, नालाबांध आणि विहिरी भराव्यात. कोणता बांध कोणत्या साली झाला हे विचारायला घरोघर जावे. १९७२ साली विशीत असलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. बांधाची जागा कोणी ठरवली, तो पहिल्या पावसात टिकला का, खालच्या विहिरीचे पाणी पूर्वी कोणत्या महिन्यात आटे आणि नंतर कोणत्या, हे त्यांच्याइतके नेमके कोणीच सांगू शकणार नाही. उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. तीही जशीच्या तशी तारखेसह लिहून ठेवावीत.

नकाशा पूर्ण झाला की त्या एका ओढ्यावर कोणाकोणाचा अधिकार चालतो हे मुलांना मोजायला सांगावे. माथ्याला वन विभाग, मधल्या उताराला कृषी विभाग आणि शेतांचे मालक, खाली जिल्हा परिषद किंवा पाटबंधारे खाते, आणि ओढा वळला की पुढच्या गावाची ग्रामपंचायत.