अंबरनाथचे शिवमंदिर

महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील अकराव्या शतकातील प्रसिद्ध शिवालय व लोकजीवनाचे एक प्राचीन केंद्र. ते अंबरनाथ शहरात वालधुनी नदीच्या काठी आहे. काळ्या पाषाणातील हे पश्चिमाभिमुख मंदिर भूमिज शैलीचे असून मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. बाह्य भिंती, स्तंभ व छत शिल्पांनी व्यापलेले आहेत. शिखराचा वरचा भाग ढासळला आहे.

उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज याने मंदिराचे काम आरंभिले आणि त्याचा धाकटा भाऊ मुम्मुणी याच्या कारकीर्दीत ते पूर्ण झाले, असे मानतात. येथील कोरीव लेखाचा काळ भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असा वाचला होता, भगवानलाल इंद्रजी यांनी तो शके ९८२ (इ. स. १०६०) असल्याचे दाखविले. एका अंकाच्या या दुरुस्तीने मंदिर दोन शतके अलीकडचे ठरले व त्याची सांगड मुम्मुणीच्या राजवटीशी बसली. १८६८ मध्ये मंदिराची आरेखने व शिल्पांचे साचे तयार करण्याचे काम मुंबईच्या कलाशाळेकडे सोपविण्यात आले.

हे संरक्षित स्मारक असले, तरी येथील पूजाअर्चा खंडित झालेली नाही. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. २०१६ मध्ये मंदिराच्या परिसरात संगीत व चित्र-शिल्पकलांचा महोत्सवही सुरू झाला. औद्योगिक सांडपाण्याने दूषित झालेली वालधुनी हा मात्र या परिसराच्या जतनातील गंभीर प्रश्न होय.