माझगावची भट्टी

भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मामाच्या तिकिटांच्या वहीत मी ते शाळेत असताना पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे हे पहिले भारतीय फेलो, एवढेच मामाने सांगितले होते. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहून आयुष्यातील बरीच वर्षे गेली. त्यानंतर या माणसाचा शोध घेऊ लागलो, तेव्हा फेलोशिपपेक्षा त्यांच्या घरची भट्टी मला मोलाची वाटू लागली.

वाडिया घराणे जहाजे बांधणारे. मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्या वंशजांनी सागवानी लाकडाची जी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७चे ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. अशा घरात १८०८ साली जन्मलेल्या मुलाने वाफेच्या नादी लागावे, हे घरच्या धंद्याच्या मुळावरच येणारे होते.

१८२९ साली मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट तयार झाली. मालक ईस्ट इंडिया कंपनी. पुढच्या वर्षी ती सुएझला निघाली, तेव्हा जागा मिळेल तिथे कोळसा भरावा लागला. तरी एडन गाठेपर्यंत तो काही तासांपुरताच उरला होता. सरकारी तिजोरीची ही गत, मग एकट्या गृहस्थाने आगबोट बाळगायची म्हणजे काय?

अर्देशीरांनी ते धाडस केले. आधी एक अश्वशक्तीचे इंजिन स्वतः तयार करून घरच्या विहिरीचे पाणी उपसले. मग १८३३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ‘इंडस’ ही ६० टनांची बोट पाण्यात लोटली.

त्या काळी आगबोट म्हणजे चाकांचीच. दोन्ही अंगांना पाणचक्कीसारखी चाके, त्यांना फळ्या. बोट कलली की एक चाक खोल बुडायचे आणि दुसरे हवेत फिरायचे. कोळसा जळत जाई तशी बोट हलकी होऊन वर येई आणि फळ्यांना पाण्याची पकड मिळेनाशी होई. बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी. त्याची खपली आतून धरे, ती सारखी खरवडावी लागे. शिवाय कोळसा विलायतेहून शिडाच्या जहाजांतून यायचा. म्हणजे वाफेला जगवायलाही शीडच लागत होते!

१८३९ साली ते इंग्लंडला गेले. परतल्यावर १ एप्रिल १८४१ रोजी कंपनीच्या मुंबईतील वाफयंत्रांच्या कारखान्याची सूत्रे त्यांनी हाती घेतली. गोरे कारागीर एतद्देशीय माणसाच्या हुकमतीत कसे राहणार, अशी शंका मुंबईतल्या इंग्रजी वृत्तपत्राने जाहीरपणे घेतली. रॉयल सोसायटीची निवड २७ मेची, म्हणजे त्यानंतरची. मानाने नोकरी मिळाली असे लिहिणाऱ्यांनी हा क्रम तपासावा.

पण मला थांबवते ती तारीख फेब्रुवारी १८५१ची. त्या महिन्यात अर्देशीरांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे सर्व भाग माझगावला त्यांच्या राहत्या जागेतील फाउंड्रीत तयार झाले होते. हे वाक्य ओतकाम न पाहिलेला माणूस सहज वाचून जाईल. मला ते सहज वाचता येत नाही. सिलिंडर ओतायचा म्हणजे आधी लाकडी पॅटर्न, मग वाळूचा साचा, मग रस. वाळूत ओल जास्त राहिली की कास्टिंगमध्ये पोकळी पडते. बाहेरून दिसत नाही. लेथवर हत्यार फिरू लागले की उघडी पडते आणि सगळी मेहनत भंगारात जाते. आमच्याकडे आज विजेची भट्टी आहे, वाळू तपासायची सोय आहे, तरी ब्लोहोल पडतातच. माझगावात १८५१ साली किती कास्टिंगे परत वितळवली गेली असतील! इंजिन विलायतेहून मागवण्याची रूढ वाट सोडून त्यांनी हा उपद्व्याप का केला, याचे उत्तर मला बोटीच्या नावात दिसते. सागवानी जहाजांच्या घराण्याचे नाव त्यांनी लोखंडी यंत्राच्या अंगावर घातले.

१८६१ साली ते सिंधमध्ये कोटरीला गेले. तिथे इंडस फ्लोटिला कंपनीच्या आगबोटी आणि कार्यशाळा त्यांच्या देखरेखीखाली आल्या. तरुणपणी आपल्या बोटीला जिचे नाव दिले, त्या नदीच्या काठी त्यांची शेवटची नोकरी झाली. १८६३ साली ते निवृत्त झाले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडमध्ये रिचमंडला वारले.